सासू-सासरे आणि मुले बरोबर असताना अंदमानची सहल कशी आखावी?

प्रश्न – गोदाकाठ

नमस्कार. आम्ही घरातील सहा जण आठवडाभरासाठी अंदमानला जाण्याचा विचार करत आहोत आणि तिथे जाऊन आलेल्या किंवा राहिलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही नाशिकजवळ राहत असल्याने भगूरमधील सावरकरांचे जन्मघर त्यांनी शाळेतल्या मुलांना कितीतरी वेळा दाखवले आहे. मात्र सेल्युलर जेलमधील ती कोठडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची फार जुनी इच्छा अजून पूर्ण झालेली नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर त्या व्यवस्थित चालतात, पण जिना चढताना त्रास होतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला पाण्याखाली उतरून मासे पाहायचे आहेत. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला बसच्या घाटातल्या प्रवासातही उलट्या होतात.

एका यात्रा कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील आणि बाराटांग अशी सगळी ठिकाणे एकाच आठवड्यात बसवली आहेत. बाराटांगच्या दिवशी तर पहाटे तीन वाजता हॉटेल सोडायचे आहे. वयस्कर माणसांना आणि लहान मुलीला हे झेपेल का, यातले काय ठेवावे व काय वगळावे, आणि दिवाळीची सुटी बरी की उन्हाळ्याची, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद – खाडीपलीकडे

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे पोर्ट ब्लेअरला सहकुटुंब राहिलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. सुरुवातीला नावांविषयी, कारण तिकिटे काढताना गोंधळ होतो: 30 डिसेंबर 2018 रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले, तर सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. कागदोपत्री नवी नावे दिसतील आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी ऐकू येतील.

आपल्याला दिलेल्या कार्यक्रमात सर्वांत मोठी उणीव ही आहे की त्यात सूर्य आणि समुद्र यांचा विचारच केलेला नाही. अंदमान नाशिकच्या जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे तिथे आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उजाडते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि एप्रिलअखेरीसही साडेपाच-पावणेसहापर्यंतच उजेड हाती असतो. दुपारचे जेवण उरकून, थोडी वामकुक्षी करून चार वाजता बाहेर पडण्याची आपली सवय तिथे नेली, तर दिवस संपलेलाच असतो. याउलट पहाटे पाचला उठणाऱ्या सासू-सासऱ्यांना हे वेळापत्रक फार मानवेल. सकाळी लवकर बाहेर पडावे, अकरानंतर उन्हाच्या वेळी खोलीत विश्रांती घ्यावी आणि तीन वाजता पुन्हा निघावे, ही तिथली खरी दिनचर्या आहे.

दुसरी गोष्ट बोटींची. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला जाणाऱ्या खासगी जलद बोटींना साधारण दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटींना त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. हवामान बिघडले की या फेऱ्या रद्द होतात आणि त्यावर कोणाचाच इलाज नसतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तरी पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम असावा. शक्य असल्यास शेवटच्या दोन रात्री. बेटावरून सकाळी बोटीने येऊन त्याच दुपारी विमान पकडण्याचा बेत कोणीही सुचवला तरी मान्य करू नये.

मी आपल्या जागी असतो, तर दोन्ही बेटे न करता फक्त स्वराज द्वीप ठेवले असते आणि तिथे निवांत राहिलो असतो. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, वाळू मऊ आणि सपाट आहे, मागे उंच झाडांची गर्द सावली आहे. आजी-आजोबा झाडाखाली बसून पाण्यातल्या नातवंडांवर लक्ष ठेवू शकतात, अशी ही जागा आहे. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींविषयी सूचनाफलक लावलेले असतात. ते गांभीर्याने घ्यावेत, जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच पाण्यात उतरावे आणि अंधार पडू लागताच मुलांना बाहेर काढावे.

आता सेल्युलर जेल. पोहोचल्यावर पहिल्या संधीलाच ते पाहून घ्यावे, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये, कारण आपल्या सासऱ्यांसाठी ही सगळी सहलच त्यासाठी आहे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली इमारती होत्या, त्यांपैकी तीनच आज उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे दुसरीच्या पाठभिंतीकडे उघडतील अशी रचना असल्यामुळे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचे तोंडही दिसत नसे. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, आणि 4 जुलै 1911 रोजी तात्याराव, म्हणजे स्वतः विनायक सावरकर, तिथे आणले गेले, तरी दीर्घकाळ दोघांची भेट होऊ शकली नाही. हे वाचलेले असते. पण त्या ओसरीत उभे राहून समोरची कोरी भिंत पाहिली की त्याचा अर्थ उमगतो. नाशिकच्याच खटल्यातले वामनराव जोशीही इथे शिक्षा भोगत होते, हे आपल्या सासऱ्यांना ठाऊक असेलच.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे आणि तिथे जिने चढूनच जावे लागते. सासूबाईंना ते जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. खालचे प्रदर्शन, कोलू (कैद्यांना फिरवावा लागणारा तेलाचा घाणा) ठेवलेली जागा आणि फाशीघर ही सपाटीवर पाहता येतात. सकाळी गर्दी नसताना सासऱ्यांना सावकाश वर न्यावे, त्यांना त्या खोलीत थोडा वेळ एकटे उभे राहू द्यावे आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला सर्वांनी मिळून जावे. त्याची तिकिटे आधी काढून ठेवावीत.

रॉस बेट मात्र ठेवाच. बोटीने अगदी थोडा वेळ लागतो, वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी वेढलेले इंग्रजांच्या राजधानीचे अवशेष आहेत, हरणे आणि मोर मोकळे फिरतात. सात वर्षांच्या मुलीला ते बेट सर्वांत जास्त आवडेल, असे मला वाटते.

प्रतिसाद – दवाखाना

मी वैद्यकीय व्यवसायात असल्याने प्रकृतीच्या अंगाने लिहिते. मुलीला घाटात उलट्या होतात म्हणजे बोटीतही होण्याची शक्यता धरूनच चालावे. बोट लागण्यावरचे औषध त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. ते बोटीत बसण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावे लागते. मुलीसाठीची मात्रा तिच्या वजनानुसार आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये. सासऱ्यांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, तर यातली बरीचशी औषधे त्यांना चालत नाहीत, तेव्हा त्यांच्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नयेत. रिकाम्या पोटी बोटीत बसू नये, तसेच तेलकट नाश्ताही करू नये. कोरडी पोळी, इडली किंवा केळे पुरेसे होते. शक्यतो बोटीच्या मध्यभागाजवळची आसने घ्यावीत आणि मुलीला मोबाइल किंवा पुस्तक न देता खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहायला सांगावे.

मुलाच्या स्कूबाविषयी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याविषयी: जगभरात साधारणपणे दहा वर्षे हे किमान वय मानले जाते, त्यामुळे बारा वर्षांच्या निरोगी मुलाला प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यात उतरता येते. त्याला दमा असेल, कानाचा जुना आजार असेल किंवा त्या दिवशी साधी सर्दी असेल, तरी उतरू देऊ नये. कानांतला दाब समान होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. आरोग्याविषयीचा अर्ज भरताना ‘सगळ्याला नाही लिहा’ असे सांगणारे लोक भेटतात, त्यांच्याकडे पाण्यात उतरूच नये. स्कूबानंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा, म्हणून तो कार्यक्रम सहलीच्या मध्यावर ठेवावा.

स्वराज द्वीपावर प्राथमिक स्वरूपाची वैद्यकीय सोय आहे. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे. म्हणून सासू-सासऱ्यांची रोजची औषधे पूर्ण मुदतीपेक्षा काही दिवस अधिकची, आणि तीही हातातल्या पिशवीत ठेवावीत. प्रवाळावर पाय घासून झालेली जखम किरकोळ दिसली तरी सहज चिघळते. तेव्हा मुलांना पाण्यात चालायची पादत्राणे घेऊन द्यावीत.

प्रतिसाद – रानवाट

वरच्या दोन्ही प्रतिसादांत बाराटांगचा उल्लेख नाही, म्हणून मी लिहितो. बाराटांग वगळा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, आणि ती केवळ पहाटे तीनच्या प्रवासासाठी नाही.

तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार हा प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. ते मोजके काहीशे लोक आहेत आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी बाहेरच्या माणसांना कटाक्षाने दूर ठेवले होते. संपर्क सुरू झाल्यानंतर लगेचच, 1999 मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या मुलांना जी लस सहज मिळते, तिच्या आधाराशिवाय जगणाऱ्या माणसांना आपला साधा खोकलाही महागात पडू शकतो. ग्रेट अंदमानी या इथल्याच दुसऱ्या जमातीचे लोक एकोणिसाव्या शतकात काही हजार होते आणि वसाहत झाल्यावर शेकड्याच्याही खाली आले, हा इतिहास याच बेटांवरचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही वाहनांचे ताफे जात राहिले.

ताफ्यात गाड्या थांबवणे, छायाचित्रे काढणे, काही खायला देणे यांना सक्त मनाई आहे, आणि आपले कुटुंब हे नियम पाळेलच याबद्दल मला शंका नाही. तरीही त्या गाडीतला प्रत्येक जण काचेतून जंगलात कोणी दिसते का हे पाहत असतो. लहान मुलीने ‘आपण काय शोधतो आहोत’ असे विचारले, तर तिला द्यायचे उत्तर आपल्याजवळ नसते. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासारखे आहेत हे खरे, पण खारफुटीतून होडीने जाण्याचा अनुभव स्वराज द्वीपावरही मिळतो. त्याऐवजी पोर्ट ब्लेअरमधील मानववंशशास्त्रीय संग्रहालयात एक सकाळ घालवावी. आपले सासरे शिक्षक आहेत. या लोकांविषयी नातवंडांना तिथे ते नीट समजावून सांगू शकतील.

प्रतिसाद – भरतीओहोटी

मी रत्नागिरीकडचा. ‘खाडीपलीकडे’ यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत असलो तरी एकच बेट ठेवायचे तर मी नील ठेवीन. बेट लहान आणि सपाट आहे, रहदारी नाही, भाजीपाल्याची शेती आहे, आणि भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार सोयीचा आहे. नैसर्गिक दगडी पूल मात्र सासूबाईंनी टाळावा, तिथे ओहोटीच्या वेळी निसरड्या, खडबडीत खडकांवरून चालावे लागते.

कुठलेही बेट निवडा, पण तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण (मोठी भरती-ओहोटी) असते, अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-ओहोटी) असते, हे तिथेही तसेच लागू आहे. फक्त तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा आपला कोकणातला हिशेब तिथे चालत नाही, वेळ स्थानिकांनाच विचारावी. उधाणाच्या ओहोटीत नीलचे पाणी इतके मागे जाते की पोहण्याऐवजी प्रवाळांवर पाय पडू लागतात, आणि प्रवाळ म्हणजे सजीव वस्ती आहे. मुलांना उथळ पाण्यात मनसोक्त डुंबायचे असेल, तर भांगाचे दिवस अधिक बरे. शंख-शिंपले आणि प्रवाळांचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्यावेत. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना हे सगळे वाचून दाखवले. बाराटांग आणि नॉर्थ बे वगळण्याचे ठरले आहे. बेटाचा निर्णय सासूबाईंवर सोपवला आणि त्यांनी नील निवडले. आता एवढेच विचारायचे राहिले की दिवाळीत जावे की मुलांची परीक्षा संपल्यावर?

खाडीपलीकडे

परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होण्याचाही तोच काळ आहे. तरुण मंडळी अडकून पडली तर चालते, आपल्याबरोबर औषधांवर असलेली माणसे आहेत. एप्रिलमध्ये उकाडा फार असतो, पण समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असते. फक्त मे महिन्याच्या मध्यावर जाऊ नये, कारण नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी साधारण दहा दिवस अंदमानात पोहोचतात आणि त्यापूर्वीच समुद्र खवळू लागतो. खोलीला वातानुकूलन आणि विजेची पर्यायी सोय आहे ना, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे; नीलवर वीज जाते आणि एप्रिलच्या दुपारी ज्येष्ठांना त्याचा फार त्रास होतो. जेट्टीवर सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची हवी असल्यास तेही आधीच कळवून ठेवावे.