सुताच्या रंगाचे सांडपाणी बगॅसने स्वच्छ होईल का?

प्रश्न (धागेदोरे): इचलकरंजी परिसरात आमचा सुती धागा रंगवण्याचा लहान कारखाना आहे. चुना आणि हिराकस (फेरस सल्फेट) टाकून गाळ बसवल्यानंतरही पाण्यात लालसर छटा उरते आणि ती घालवण्यासाठी बाजारातला सक्रिय कोळसा (रंग शोषून घेणारा सच्छिद्र कोळसा) नियमितपणे वापरणे परवडत नाही. आजूबाजूला इतके साखर कारखाने असताना बगॅसचा, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चिपाडाचा, उपयोग करता येईल का?

उत्तर (सामू७): आधी रंग कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. सुतासाठी बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. ते पाण्यात ऋणभारित असतात आणि कच्च्या बगॅसचा पृष्ठभागही साधारण सामूला (pH) ऋणभारितच असतो, त्यामुळे दोघांचे जमत नाही. शोधनिबंधांतले घवघवीत आकडे पुष्कळदा मिथिलीन ब्लूचे असतात, आणि तो धनभारित रंग असल्याने त्याला भाताचे तूससुद्धा सहज धरून ठेवते. आपले पाणी सोडा अ‍ॅशमुळे अल्कधर्मी असणार, म्हणजे पृष्ठभागाचा हा ऋणभार कमी करण्यासाठी सामू खाली आणण्याचा खर्चही धरावा लागेल. शिवाय न धुतलेल्या बगॅसमधली उरलीसुरली साखर पाण्यात उतरते आणि रंग कमी होण्याऐवजी सीओडी (पाण्यातल्या प्रदूषक पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) मात्र वाढतो.

उत्तर (चिमणीखाली): बगॅसला टाकाऊ म्हणण्याचे दिवस गेले. गाळलेल्या उसाच्या सुमारे 30 टक्के वजनाची ही बगॅस, निम्मे पाणी असूनही, कारखाने बॉयलरला घालतात आणि तिच्यावर वीज तयार करतात. त्यामुळे ती फुकट मिळेल, ही आशा सोडावी. खरा टाकाऊ माल म्हणजे बॉयलरच्या धुरातून अडवलेली राख. ती चाळली की करडी, बारीक, वाळूसारखी सिलिका खाली जाते आणि चाळणीवर अर्धवट जळालेले काळे तंतू राहतात, जे दिसायला अजून चिपाडासारखेच असतात, पण चिमटीत धरताच त्यांचा चुरा होतो. आपल्या कामाचा कार्बन मुख्यतः या तंतूंत असतो. राखेतले क्षार निघून जाईपर्यंत ते धुवावेत, वाळवावेत आणि मिथिलीन ब्लूवर नव्हे, तर स्वतःच्याच सांडपाण्यावर तपासावेत: प्रत्येक भांड्यात एक लिटर पाणी, तंतूंची मात्रा चढती आणि सगळीकडे ढवळण्याचा वेळ सारखा. तयार सक्रिय कोळशाइतकी धारणशक्ती मिळणार नाही, त्यामुळे मात्रा जास्त लागेल.

धागेदोरे: म्हणजे रंग शोषलेल्या राखेचा ढीगही मोठाच होणार. ती वीटभट्टीला दिली तर चालेल का?

उत्तर (सामू७): परस्पर देऊ नये. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांच्या सूचीत आहे, आणि ही राख त्याच गाळात मिसळली तर तिलाही तेच लागू होईल. रंग पाण्यातून राखेत आला, नाहीसा झालेला नाही. शेतात किंवा ओढ्याकाठी टाकल्यास पहिल्या पावसात तो पंचगंगेकडेच निघेल. म्हणून राख आणण्यापूर्वीच प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून घ्यावे आणि विल्हेवाटीचा दर कळल्यावरच प्रति हजार लिटर खर्च सक्रिय कोळशाशी ताडून पाहावा.