मदत हवी आहे: शाळेच्या टर्फवर शेवाळ, आणि गोलपाशी शिवण उसवलीय

नमस्कार मंडळी. मुलुंडच्या एका शाळेत पीटी शिकवतो. आमचं फुटबॉलचं टर्फ (प्लास्टिकच्या गवताचं मैदान) सात वर्षांचं झालंय, पाती ४० मिमीची, खाली वाळू आणि वर काळे रबराचे दाणे. यंदाच्या पावसाने पार वाट लावली. भिंतीकडच्या बाजूला, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे हिरवं शेवाळ धरलंय. परवा सातवीतला एक पोरगा तिथेच सपशेल आडवा झाला. गोलसमोर पाती झोपलीत, दाणे उडून कडेला ढीग झालाय (अर्धे पोरांच्या बुटांतून घरी गेले असणार, पालकांच्या तक्रारी वेगळ्याच). एका ठिकाणी शिवण उसवून चार बोटं जाईल एवढी फट पडलीय.

ठेकेदार म्हणतो, सगळं उखडून नवीन टाका. मला पटत नाही. आमचे शिपाईमामा रोज खराट्याने झाडतात, पण पाती उभी करायला कडक ब्रश उलट्या दिशेने ओढावा लागतो ना? शेवाळावर काय मारायचं? ब्लीच नको वाटतं, पोरं त्यावर लोळतात. प्रेशर वॉशरने दाणेच वाहून जातील अशी भीती आहे. फट खाली पट्टी लावून परत चिकटवता येते का, आणि त्यासाठी टर्फ किती दिवस कोरडं हवं?

ठाणे-मुलुंड भागात फक्त दुरुस्ती करणारं कुणी माहीत असेल तर सांगा. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचंय.