२० ते ८० च्या नियमाने आमची रात्रीची पाळी कोण करणार?

केळीचा मळा, रावेर

तालुक्याच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरली. पाठवणारा आपल्याच गावचा, आता पुण्याला नोकरीला. नात्याने भाचा लागतो म्हणून दोन दिवस गप्प होतो. म्हणणं असं, की फोनची बॅटरी कधी २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, ८० च्या वर चढू द्यायची नाही, रात्रभर चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीचा खून, आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांना एवढी शिस्त जमत नाही त्यांनी बटनांचा फोन वापरावा."

बरं. आता शिस्तीचं ऐक. आमच्या फिडरला (वीज येते त्या लाइनीला) पंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की मी जेवून मळ्यात जातो. मोटर चालू झाली का नाही ते मोबाईल स्टार्टर सांगतो. ड्रिपचा व्हॉल्व्ह बदलायला टॉर्च लागते. शेजारच्या शिवारात बिबट्या दिसल्याचा मेसेज आला तर फोन लावायचा असतो. हे सगळं पहाटेपर्यंत. मी ८० वर निघालो आणि २० ला "आता वापरणे नाही" म्हणून खिशात ठेवला, तर बिबट्याला काय नियम दाखवू?

आणि साधा हिशोब. ५,००० एमएएचची बॅटरी मी पैसे मोजून घेतली. २० ते ८० म्हणजे वापरायची ३,०००. दोन-तीन वर्षांनी २० टक्के बॅटरी कमी होईल या भीतीने आजच ४० टक्के सोडून द्यायची? हा कुठला व्यवहार?

भाचा, सध्या पुणे

मामा, शेवटचं वाक्य मी रागात लिहिलं, ते मागे. बाकीचं मागे घेणार नाही.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की व्होल्टेज ४.२ च्या आसपास जातं, नव्या फोनांत त्याहूनही वर. तेवढ्या दाबाखाली आतलं रसायन हळूहळू बिघडत राहतं. वर्षभर पडून राहिलेल्या सेलचे आकडे बघा. २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवला तर क्षमता उरते साधारण ९६ टक्के, फुल भरून ठेवला तर ८०. आता तापमान ४० अंश करा: ४० टक्के भरलेला ८५ वर येतो आणि फुल भरलेला ६५ वर. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. म्हणजे हा नियम पुण्यापेक्षा रावेरलाच जास्त लागू!

शिवाय २० पर्यंतच वापरा असं म्हणालो नाही. गरज पडली तर वापरा. रोजची सवय नको, इतकंच.

केळीचा मळा, रावेर

"इतकंच" असं पोस्टमध्ये कुठे होतं? तिथे खून होता.

आणि हे आकडे पडून राहिलेल्या बॅटरीचे. माझा फोन पडून राहत नाही भाऊ, माझ्यासोबत उभा असतो.

धडगावचे मास्तर

तुम्ही टक्के मोजत बसा. माझा फोन सकाळी १०० असतो आणि दुपारी दोनला ३०. एकही कॉल नाही, गाणं नाही, खेळ नाही. शाळा डोंगरात, रेंज एक काडी, तीही वर्गाच्या खिडकीत. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो, तुटला की पुन्हा शोधतो, दिवसभर हेच. त्यात फोर-जी फाईव्ह-जी उड्या. मी फाईव्ह-जी बंद केलं, वर्गात शिरताना फ्लाइट मोड लावतो आणि मधल्या सुट्टीत काढतो. तेव्हापासून संध्याकाळी घरी येईस्तोवर पन्नासच्या आसपास उरतं. डार्क मोड, वॉलपेपर काळा, सगळे ॲप वर ढकलून बंद करणं हे सगळं आधी करून पाहिलं होतं. काडीचा फरक पडला नाही.

शिरपूर-धुळे अपडाऊन

सर, डार्क मोडने फरक पडतो, पण स्क्रीन ओलेड असेल तरच. त्यात काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, वर काळं दाखवा नाहीतर पांढरं. तुमचा स्वस्तातला फोन असेल.

धडगावचे मास्तर

स्वस्तातलाच आहे ताई. पगार कळलाच आहे तर स्क्रीनही सांगतो, एलसीडी.

भुसावळ जंक्शन

मूळ रोगाबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या वेळी नोकियाची बीएल-५सी होती. नखाने झाकण उघडा, जुनी काढा, नवी घाला. गाडीवर ड्यूटी असली की मी खिशात दोन भरलेल्या ठेवायचो. आता काही रेल्वेगाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद असतात, आणि फोनला गोंद लावून सील केलेलं. २० ते ८० करायची वेळच का आली? कारण बॅटरी बदलणं म्हणजे ऑपरेशन झालंय. युरोपने कायदा केला: १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता आली पाहिजे.

भाचा, सध्या पुणे

काका, त्या कायद्यात सवलतही आहे. बॅटरी बरीच वर्षं टिकाऊ निघाली आणि फोन पाणीरोधक असला तर सील ठेवता येतो. २०२५ च्या जूनपासून तिकडे ८०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून वापरणं) ८० टक्के क्षमता उरली पाहिजे असा नियमही आहे. म्हणजे कंपन्याही शेवटी टिकाऊपणाच मोजतात. मी तेच सांगतोय.

भुसावळ जंक्शन

तू जिकडे तिकडे तेच सांगतोस.

दुरुस्तीवाला, जळगाव

रोज पंधरा-वीस फोन उघडतो, म्हणून बोलतो.

रात्रभर चार्जिंगने बॅटरी "जास्त भरते" हा गैरसमज. आतला सर्किट १०० ला करंट तोडतो. त्रास होतो तो १०० वर तासन्‌तास गरम राहण्याचा. उशीखाली फोन, जाड कव्हर. एप्रिल-मे आला की माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते, आणि सगळ्यांची गोष्ट एकच: ट्रॅक्टरवर नाहीतर मोटरसायकलवर होल्डर, भर उन्हात, चार्जर लावलेला, वर मॅप नाहीतर गाणी चालू. एकाच वेळी ऊन, चार्जिंग आणि स्क्रीन. त्यांनी चार्जिंग ८० ला थांबवलं असतं तरी बॅटरी फुगलीच असती.

आयफोनवाले स्वतः लिहितात की ० ते ३५ अंशांत वापरा, सगळ्यात चांगलं १६ ते २२. १६ ते २२ म्हणजे आपल्याकडे पौषातली सकाळ. बाकीचं वर्ष काय करायचं ते त्यांनी लिहिलेलं नाही.

शिरपूर-धुळे अपडाऊन

आमच्याकडे त्यावरही उपाय निघाला. फोन तापला की सासरे फ्रीजमध्ये ठेवतात. भरताच्या वांग्यांशेजारी. मागच्या उन्हाळ्यात बाहेर काढला तर कॅमेऱ्याच्या काचेत आतून बाष्प.

दुरुस्तीवाला, जळगाव

ताई, त्यांना हात जोडून सांगा. गार फोन दमट हवेत काढला की आत पाणी धरतं. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत फरशीवर पालथा ठेवा. पंखा असला तर पंख्याखाली. एवढं पुरे.

बंगल्यातला, धुळे

मळेवाले मामा एक सांगा. रात्रीची पाळी म्हणून एवढं रडगाणं, पण साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल सरकार भरतंय २०२४ पासून. आम्ही घरच्या मीटरचे पैसे भरतो आणि लाईट आमचीही जाते. फुकटात मिळतंय तर रात्री उठायला काय हरकत?

केळीचा मळा, रावेर

हो का! या मग आठवडाभर. गमबूट माझे, टॉर्च माझी. केळीच्या पानाखाली विंचू असतो, तोही फुकटच. बिल शून्य आलं म्हणून साप दिवसा फिरत नाही भो.

भुसावळ जंक्शन

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आपल्या डोळ्यादेखत उभे, आणि अंधार आपल्याच अंगणात.

साक्रीचा वारा

दीपनगरची वीज दीपनगरच्या नळातून येत नाही काका, ती ग्रिडला जाते. तसं असतं तर आमच्या साक्रीत १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, आम्ही चोवीस तास झगमगलो असतो. आमच्याकडेही जाते. तुमच्या घरची लाईट जाते ती बहुतेक रोहित्र नाहीतर वायर खराब म्हणून.

भुसावळ जंक्शन

विज्ञान नको शिकवू. रेल्वेच्या विद्युत विभागात होतो.

साक्रीचा वारा

मग तुम्हाला तर आधीच माहीत असायला पाहिजे होतं.

बंगल्यातला, धुळे

विषय बदलू नका. सौर पंपाची योजना आहे ना, "मागेल त्याला सौर कृषी पंप"? दहा टक्के भरा, दिवसा पाणी द्या. रात्रीची पाळीच नाही. पण अर्ज करायचा नाही आणि इथे मात्र पानं भरायची.

केळीचा मळा, रावेर

अर्ज केलाय. माझ्या नंबरची वाट बघतोय. पाणी खोल, किती एचपी बसतो त्यावर अडलंय. आणि पावसाळी ढग असले की सौर पंप काय करतो ते विचारा कोणालाही. पण तुम्हाला काय, तुमचं पाणी टाकीतून येतं. केळी डझनाने घेता, भाव विचारताना मात्र घासाघीस.

शिरपूर-धुळे अपडाऊन

आठे लाईट नही शे, अन् तुम्ही बिल मोजी ऱ्हायनात. दोघांनी पाणी प्या. विषय मोबाईलचा होता.

बंगल्यातला, धुळे

मी पितोच आहे. बिल भरून.

धडगावचे मास्तर

यांच्या भांडणात माझं ६ टक्के गेलं.

दुरुस्तीवाला, जळगाव

आता पॉवर बँकचं कोणी काढायच्या आधी सांगून ठेवतो. डब्यावर १०,००० लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टला. ५ व्होल्टला बाहेर येईस्तोवर हातात सहा-साडेसहा हजार उरतात. ५,००० चा फोन जेमतेम सव्वा वेळा भरतो. दोनदा भरत नाही म्हणून माझ्या दुकानात येऊन भांडू नका.

केळीचा मळा, रावेर

मी एकदा बॅटरी बदलून घेतली होती, नाव घेत नाही, जळगावच्या गोलाणी मार्केटातली नाही. "ओरिजनल" म्हणून दिली. चार महिन्यांत फोन ४० टक्क्यांवर बंद पडायला लागला. मध्यरात्री, मोटर चालू, फोन बंद. मोटर कोरडी चालली. वायंडिंग जळालं ते हजारांत गेलं. तेव्हापासून १०० केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भाच्याला वाटतं मामा अडाणी म्हणून १०० करतो.

भाचा, सध्या पुणे

अडाणी कोण म्हणालं? पण आता ऐका, कारण हे मला कालच कळलं.

बाबांना दिवाळीला फोन दिला तेव्हा मीच सेटिंगमध्ये जाऊन ८० ची मर्यादा लावली होती. त्यांना सांगितलं नव्हतं. आमचीही पाळी रात्रीचीच. आई म्हणाली, गेल्या आठवड्यात तीनदा पहाटे बाबांचा फोन लागला नाही. ती ओट्यावर बसून होती. बाबा समजत होते की फोनच खराब निघाला, पण मुलाने दिला म्हणून बोलले नाहीत.

शिरपूर-धुळे अपडाऊन

अरे बापरे.

भुसावळ जंक्शन

बटनांचा फोन दिला असतास तर आठवडा चालला असता. तूच सुचवला होतास.

भाचा, सध्या पुणे

घ्या, बोला. मर्यादा काढायला कालच सांगितलं, चुलतभावाने जाऊन काढली. रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात १००, दिवसाची असेल तेव्हा ८०, आणि निघायच्या तासभर आधी चार्जिंगला, म्हणजे भरून पडून राहणार नाही. माझं रसायन चुकलेलं नाही. जागा चुकली.

पण मामा, दुरुस्तीवाल्यांनी सांगितलेलं तुम्हीही ऐका. तुमच्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगजवळ तो होल्डर मी मागच्या अक्षय्य तृतीयेला पाहिलाय. काळं रबरी कव्हर, चार्जरची वायर, समोर ऊन.

दुरुस्तीवाला, जळगाव

काळं कव्हर? मामा, कव्हर काढून फोन एकदा मागच्या झाकणावर टेबलावर ठेवून बघा. डुगडुगला तर आत बॅटरी फुगलेली असणार, चार्जिंगला लावू नका, टोचू नका, सरळ घेऊन या.

केळीचा मळा, रावेर

डुगडुगतोय थोडा.

दुरुस्तीवाला, जळगाव

उद्या सकाळी या. ऊन व्हायच्या आत. बसने, ट्रॅक्टरने नाही.

बंगल्यातला, धुळे

फुकट बदलून द्या त्यांना, सवय आहे.

केळीचा मळा, रावेर

धुळेकर, एक केळीचा घड तुमच्या पत्त्यावर पाठवतो. बिल लावून.

भाचा, होल्डर काढला. आता दुपारी नांगरताना गाणी कशावर ऐकू ते सांग.