दुसऱ्याच्या धारेवर दाढी

टिळकवाडीकर:
परवा इथं एका निपाणीकरानं लिहिलं, "ज्याला स्वतःच्या वस्तऱ्याला धार लावता येत नाही त्यानं ब्लेड वापरावं. पैसे देऊन धार लावून घेणं म्हणजे भाड्यानं मिशी आणणं." वाक्य झकास जमलंय, म्हणूनच जास्त झोंबलं.

माझ्याकडं आजोबांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा आहे. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, तेव्हापासूनचा. तीन वर्षं मी त्यानंच दाढी करतो. रोज आधी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास हात मारतो, आणि वर्षातून दोनदा परगावच्या एका जाणत्या माणसाकडं कुरिअरनं धाडतो. तो एका वेळेचे ७०० घेतो. आता हिशोब करा. १०००, ८००० आणि १२००० नंबरचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), वर ते दगड सपाट ठेवायला हिऱ्याची पाटी. मी विचारलं तिथं सगळं मिळून १५ हजारांच्या घरात. म्हणजे माझी दहा वर्षांची धार. आणि शिकेपर्यंत जे पातं झिजेल ते आजोबांचं. घरात गिरणी नाही म्हणून कुणी भाकरी खायची सोडतंय काय?

निपाणीचा तोटा:
मिशीवाला मीच. भाकरीचं पीठ सहा महिने पुरवून खाता काय ओ? पट्टा नवी धार आणत नाही, आहे ती सरळ करतो. रोज दाढी करणाऱ्याचा वस्तरा दोन-तीन महिन्यांत ओढायला लागतोच. पुढचे तीन महिने तुम्ही कुरिअरची तारीख बघत गाल सोलून घेताय. घरात १२००० चा एक दगड असला, महिन्याला पंधरा-वीस हात मारले, की विषय संपला. पात्याला खांडं पडलेली नसतील तर १००० चा दगड कशाला लागतोय? १५ हजार सांगून पोरांना घाबरवू नका. कोन धरायची पण भानगड नाही. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या की कोन आपला आपण येतोय. विळीला धार लावणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त कसब लागतंय मर्दा.

खानापूरचा रानगडी:
विळीवरनं आठवलं. सायकलवर चाक घेऊन येतोय त्याच्याकडं मी बाबांचा वस्तरा दिला होता. तो बिचारा सांगूलता, "हे माझं काम नव्हं, मी कोयता-सुरी करतो." मीच मागं लागलो. ठिणग्या उडूलत्या आणि मी खूश, बघा कशी धार चढूलाय! घरी आणून बघतो तर धारेला निळी झाक. पोलादाचं पाणी उतरलं. पातळ पातं ते, चाकाच्या उष्णतेत किती टिकणार? आता पेन्सिल तासायला पण चालत नाही. म्हणून मी टिळकवाडीकरांच्या बाजूचा. पैसे द्या, खरं माणूस बघून द्या.

निपाणीचा तोटा:
हे तर माझ्याच बाजूचं झालं की. स्वतः शिकला असतास तर बाबांचा वस्तरा वाचला असता.

खानापूरचा रानगडी:
स्वतः केला असता तर मी आणखी लवकर घालवला असता. मला माझा हात म्हाईत आहे.

अनगोळ नाका:
काय चाललंय रे? बंगळूर-पुण्याच्या नोकऱ्या करायच्या आणि हजामाचं काम शिकायला हजारो रुपये घालायचे. कोपऱ्यावरचा सलूनवाला करूलाय की दाढी.

धोकटी:
"हजामाचं काम" म्हणजे काय ओ? आमच्या घरात चार पिढ्या धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, आहे. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" म्हणताना तुमची छाती फुगते, १६५९ चं प्रतापगड तोंडपाठ असतंय, जिवा महाला आमच्या नाभिक समाजाचा ते तेवढं विसरायचं. देवळात संत सेना महाराजांचे अभंग, आणि दुकानात आलं की "ए हजाम, जरा लवकर". शिवी म्हणून हा शब्द किती वेळा वापरलात ते एकदा मोजा.

शहापूर पेठ:
धोकटी बरोबर बोलूलेत. आमच्या गल्लीत कन्नड बोलणारे हडपद आहेत, याच धंद्यातले, ते बसवण्णांच्या काळातल्या हडपद अप्पण्णांचं नाव सांगतात. त्यांना पण हेच ऐकायला लागतंय. या बाबतीत सीमावाद नाही, दोन्हीकडं सारखंच.

कडोलीचा कांदा:
सीमावादाचं निघालंच तर दुकानाच्या पाटीचं बोला. साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत "केशकर्तनालय" बसवून दाखवा.

शहापूर पेठ:
तू गप. दर धाग्यात तुझी पाटी.

अनगोळ नाका:
बरं, शब्द मागं घेतला. माझी चूक. खरं धोकटी, एक सांगा. एवढं कसब म्हणता आणि दुकानात तुम्ही स्वतः अर्धं ब्लेड मोडूनच घालता की नाही?

धोकटी:
घालतो. एड्सची भीती आली तेव्हापासून गिऱ्हाईकच आधी विचारतंय, "नवीन ब्लेड घातलंस ना?" आणि ते बरोबरच आहे, एक वस्तरा दहा गालांवर फिरवणं धोक्याचंच होतं. त्या वर्षी बाबांनी दगड फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्याचा नंबर किती ते त्यांना कधीच माहीत नव्हतं. पाणी टाकायचे, दोन बोटांनी वस्तरा धरायचे, आणि दगडावरचा आवाज बदलला की थांबायचे. मग पट्टा, शेवटी नुसता तळहात. मनगटावरचा केस कातडीला न लागता तुटला तरच गिऱ्हाईक बसवायचे. दगड माळ्यावर गेला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. आता १२००० चा आकडा आला तर सगळे जाणकार.

निपाणीचा तोटा:
तळहातावर? आमच्या हातनं पट्टाच दोन वेळा कापला गेलाय. नमस्कार सांगा बाबांना.

टिळकवाडीकर:
धोकटी, बाबा माझा वस्तरा लावून देतील काय? ७०० परगावी धाडण्यापेक्षा त्यांना देतो.

धोकटी:
त्यांचे हात आता थरथरतात. विचारून सांगतो.

धोकटी:
विचारलं. "दगड काढतो, हात त्याचा, डोळे माझे," म्हणाले. रविवारी दुपारी या. पैसे घेणार नाहीत असं समजू नका, ७०० ऐकून ते नीट बसलेत.

निपाणीचा तोटा:
म्हणजे शेवटी शिकूलायच की ओ!

टिळकवाडीकर:
पैसे देऊन शिकूलोय. मिशी भाड्याचीच.

निपाणीचा तोटा:
असू दे. जाताना पाठीला टेप लावून जा, नाहीतर आजोबांच्या वस्तऱ्याची पाठ झिजेल.

खानापूरचा रानगडी:
टेपनं कोन बदलतोय. टेप लावणारे आणि चाकावर देणारे सारखेच.

निपाणीचा तोटा:
चाकावर कुणी दिला होता रे?

धोकटी:
बाबांना टेपचं वाचून दाखवलं. म्हणाले, टेप घेऊन याच, बोटाला लागेल.