आईला तिच्या माहेरी, बडोद्याला घेऊन जायचंय: नवरात्राच्या आधी की नंतर?

निशिगंध

नमस्कार मंडळी. माझी आई यंदा ७४ वर्षांची झाली. तिचं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. मामा पुण्याला गेला, वाडा विकला, आणि त्यानंतर तिचं तिकडे जाणंच झालं नाही. ३० वर्षं सहज होऊन गेली. परवा टीव्हीवर गरबा लागला होता तर एकदम म्हणाली, "सुरसागर तळ्यावर एक फेरी मारायची राहिली गं." एवढंच. पुन्हा विषय काढला नाही तिने, पण मी त्याच रात्री रजेचा हिशोब मांडला.

सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार दिवस काढता येतील. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालते, एखादा मजला सावकाश चढते. राजवाडा तर बघूच, पण तिला तिचं बडोदं दिसावं असं मनापासून वाटतं. मला शहराची काहीच माहिती नाही. ऊन कितपत असतं? एकता नगरचा सरदार पटेलांचा पुतळाही याच फेरीत करून घ्या असं भाऊ म्हणतोय. जमेल का?

रावपुराकर

ताई, वाचून राहवलं नाही. आमची चौथी पिढी इथे.

आधी तारखा. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पोचा आणि नवरात्राच्या दोन रात्री बघून निघा. एकदा गरबे रंगात आले की संध्याकाळनंतर रस्ते हलत नाहीत, रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. आधीचे दोन दिवस मात्र शहर तुमचंच असतं. पाऊस ओसरलेला असतो, पण ऊन चटके देतं, पारा ३५ च्या आसपास जातो आणि घामाघूम व्हायला होतं. आईंना सकाळी अकराच्या आत आणि पाचनंतर बाहेर काढा. मधला वेळ छपराखालच्या ठिकाणांना द्या.

छपराखालचं माझं पहिलं नाव तांबेकरवाडा. रावपुऱ्यातच आहे. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. बाहेरून बघाल तर लाकडी सज्जांचं जुनं घर, आजूबाजूला गजबज, कुणी मान वर करून बघतही नाही. वर गेलात की भिंतीच्या भिंती १९व्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या. कृष्णाच्या लीला आहेत, महाभारत आहे, आणि मध्येच टोपीवाले साहेबही आहेत. मराठी माणसांनी बडोद्यात घर कसं सजवलं होतं हे एका खोलीत उभं राहून कळतं. जिना अरुंद आणि चढा आहे, घाई करू नका. मी शाळकरी मुलांना तिथे नेतो तेव्हा एकच सांगतो: सगळं बघू नका, एक चौकट निवडा आणि पाच मिनिटं तिच्यापुढे थांबा.

दुसरं कीर्तिमंदिर, विश्वामित्रीच्या पुलाजवळ. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलं. शिखराकडे नीट बघा, वर सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि अखंड भारताचा नकाशा आहे. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत: गंगावतरण, मीराबाई, टागोरांच्या 'नटीर पूजा' नाटकातले प्रसंग आणि महाभारताचं युद्ध. शांतिनिकेतनाहून येऊन त्यांनी हे काम काही वर्षांत टप्प्याटप्प्याने पुरं केलं. राजवाड्यावर झुंबड आणि इथे शुकशुकाट, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

लक्ष्मीविलास, म्हणजे राजवाडा, सोमवारी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा. त्याच आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. आईंना राजवाड्यापेक्षा तीच जास्त आवडतील असं माझं मत.

अलकापुरी_अनुराधा

खाण्याचं मी सांगते. सेवउसळ खाल्ल्याशिवाय परतायचं नाही! वाटाण्याची उसळ, वर सेव, कांदा, लसणाची चटणी, बाजूला पाव. तरी वेगळी वाढतात, तीही मागाल तितकी. आईंना तिखट सोसत नसेल तर "तरी ओछी", म्हणजे कमी, म्हणा, वाढणारा समजतो. भाकरवडी घ्या, पण पुण्याची चव डोळ्यांपुढे ठेवून खाऊ नका, इथली तिच्या पद्धतीने चांगली आहे. लीलो चेवडो मात्र खास बडोद्याचाच. बटाट्याची सळी, चणाडाळ, हिरवी मिरची, गोडसर आणि ओलसर. टिकत नाही, म्हणून निघायच्या दिवशीच घ्या.

आणि उतरताना सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. अलकापुरीच्या बाजूने आलात तर जुन्या गावात जायला उगाच वळसा पडतो.

भीमाई_निजामपुरा

२३ सप्टेंबरला इथे असाल तर सकाळी सयाजीबागेत, म्हणजे कमाटीबागेत, नक्की या. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी उतारशाळेतून बाहेर काढलं, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते याच बागेत झाडाखाली बसून होते. ती जागा म्हणजे संकल्पभूमी. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातूनही माणसं येतात. दोन्ही गोष्टी याच बडोद्यात घडल्या, शिष्यवृत्ती पण आणि ते झाड पण. मराठी माणसाने इथे येऊन फक्त राजवाडा बघून जाऊ नये, एवढी माझी विनंती.

बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे. आईंनी लहानपणी बघितली असणारच, विचारून बघा.

निशिगंध

सगळ्यांचे आभार. ममीचं विचारलं. आई म्हणाली, "तिला बघून तुझी मावशी दोन रात्री झोपली नव्हती." तिकिटं काढली आहेत, २२ ते २६. अजून दोन शंका. माहेरचं घर शोधायचं कसं? पत्ता म्हणजे तिच्याकडे फक्त आजोबांचं नाव आहे. आणि गरबा तिला बसून बघता येईल असा कुठे असतो?

मांजलपूरचे_नाना

बाई, इमारतीच्या नावाने विचाराल तर कुणी सांगणार नाही. दांडिया बाजारातले निम्मे वाडे पाडून फ्लॅट झालेत. खांच्याचं नाव विचारा आईला. आमच्याकडे गल्लीला खांचा म्हणतात आणि खांच्यांची नावं बदललेली नाहीत. शेजारी कुठलं देऊळ होतं, पिठाची गिरणी कोणत्या अंगाला होती, हे तिच्याकडून आधी कागदावर उतरवून घ्या. सकाळी आठला जा. जुनी माणसं तेव्हा ओट्यावर पेपर वाचत बसलेली असतात.

पुतळ्याचं म्हणाल तर या खेपेला नको. जाऊन-येऊन १८० किलोमीटर, वर चालणं भरपूर. ७४ व्या वर्षी माहेरपणाला आलेल्या बाईचा एक आख्खा दिवस त्यात घालवू नका. बाहेर पडायचंच असेल तर चांपानेर गाठा, ५० किलोमीटर. पाऊस संपता संपता पावागड हिरवागार असतो आणि जामी मशिदीचं कोरीव काम बघायला डोंगर चढावा लागत नाही. वर कालिकामातेला मात्र नवरात्रात जाऊ नका, माणसांचा पूर येतो.

गरबा_घेर

मोठ्या मैदानांवरचा गरबा बघण्यासारखा असतो यात वाद नाही. मधोमध गायक, भोवती हजारो जण अनवाणी, घेरामागे घेर. पण पास आधी काढावे लागतात आणि बघणाऱ्यांना बहुधा उभं राहावं लागतं. आईंना पोळेतल्या (जुन्या वस्तीतल्या गल्लीतल्या) किंवा सोसायटीतल्या गरब्याला न्या. नऊच्या सुमारास आरती होते, खुर्च्या मांडलेल्या असतात, अनोळखी आजीलाही कुणीतरी हाताला धरून पुढे बसवतं. मधे छिद्रांचा मातीचा गरबो असतो, आत दिवा. आपल्या घटाशी नातं लगेच जाणवतं.

माझं रावपुराकरांशी एवढंच जमत नाही: दोन रात्री कमी आहेत. दसऱ्यापर्यंत थांबता आलं असतं तर सकाळी फाफडा-जलेबी आणि संध्याकाळी आपट्याची पानं, दोन्ही एकाच घरात बघायला मिळाली असती.

निशिगंध

परत आलो. सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

नानांनी सांगितलं तसं खांच्याचं नाव लिहून घेतलं होतं. कोपऱ्यावर आई थांबली आणि मनातल्या मनात मोजत चालायला लागली. कोपऱ्यापासून दारापर्यंत २७ पावलं, लहानपणी तिघी बहिणी मोजायच्या म्हणे. या खेपेला ४१ झाली. वाडा नाही, चार मजली इमारत आहे, विहिरीच्या जागी स्कूटर उभ्या असतात. मला वाटलं होतं ती रडेल. तिने वॉचमनला गुजरातीत विचारलं, "पाणी केटला वागे आवे छे?" तो म्हणाला, साडेसहाला. "आमच्या वेळी सहाला यायचं," म्हणाली आणि वळली. तिचं गुजराती मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

सुरसागरला संध्याकाळी गेलो. तळ्यातली १११ फुटी शंकराची मूर्ती तिने कधी पाहिलेलीच नव्हती, बराच वेळ बघत राहिली. मग पाठ फिरवून न्यायमंदिराकडे तोंड करून बसली, ते तिच्या ओळखीचं. काठावरच्या संगीत कॉलेजातून कुणाचा तरी रियाज ऐकू येत होता. तिथून उठायला ती तयारच नव्हती, त्यामुळे त्या दिवशीचा रात्रीचा बाजार राहिला.

२३ला सकाळी संकल्पभूमीवर गेलो. भीमाई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही बागेतून तसेच निघून गेलो असतो. माहेर इतकं जवळ असून आईला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, हे तिला फार लागलं. परतीच्या गाडीत ती त्याच्याबद्दलच बोलत होती.

चांपानेर राहिलं. सेवउसळ दोनदा झाली.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी एक सांगते. तांबेकरवाड्याचा जिना आई व्यवस्थित चढली, पण उतरताना तोल जायला लागला. तिथल्या रखवालदाराने जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं, एक एक पायरी उतरवलं. मी खाली एक पायरी मागे उभी होते. तसंच उतरा, आणि कुणालातरी खाली उभं ठेवा.