मांडण्या कशाला, चाळणी लावा

ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे, या प्रश्नावर वरच्या एका उत्तरात असं सुचवलंय की अक्षरांच्या सगळ्या मांडण्या, म्हणजे शक्य ते सगळे क्रम, तयार करून प्रत्येक शब्दकोशात तपासावी. दिलेली सगळी अक्षरं वापरून नेमका शब्द हवा असेल तर ते चालेल, पण सात वेगवेगळ्या अक्षरांच्याच ५,०४० मांडण्या होतात आणि दहांच्या ३६,२८,८००. त्यापेक्षा यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं एकदाच वर्णक्रमाने लावून ठेवा. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल या चारही शब्दांची ओळ 'ई आय एल एन एस टी' अशीच येते, त्यामुळे एका शोधात चारही हाती लागतात.

मूळ प्रश्न मात्र 'ही अक्षरं असलेले' शब्द असा आहे, सोबत आणखी कुठलीही अक्षरं चालतील. तिथे मांडण्यांचा काहीच उपयोग नाही. मी ग्रेप (दिलेला मजकूर असलेल्या ओळी शोधून देणारी संगणकाची आज्ञा) वापरतो: एका अक्षराने यादी चाळायची, उरलेली यादी पाइपने (एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेला देणाऱ्या चिन्हाने) पुढच्या अक्षराकडे द्यायची. क्रमाची भानगडच नाही. हाताने शोधत असाल तर क्यू, जे, एक्स, झेड यांपैकी जे असेल त्यापासून सुरू करा, यादी लगेच आटते.

एक मुद्दा इथे कुणीच मांडला नाही, तो म्हणजे दोनदा हवं असलेलं अक्षर. दोन एस हवेत म्हणून एसची चाळणी दोनदा लावली तर दुसरी काहीच गाळत नाही. 'एसएस' असं जोडून शोधलं तर लेसन मिळतो, पण सीझन निसटतो, कारण त्यातले दोन एस लांब आहेत. दोन एसच्या मध्ये टिंब आणि तारा (.*, म्हणजे मध्ये कितीही आणि कुठलीही अक्षरं, किंवा एकही नाही) टाका, म्हणजे दोन्ही सापडतात.