‘ड्राय रन’साठी प्रत्येक साधनाचे अक्षर वेगळे का असावे?

धागाकर्ता (इंदूर)
मी ज्या चमूची बिल्ड पाइपलाइन (कोडपासून चालणारा प्रोग्राम आपोआप तयार करणारी साखळी) सांभाळतो, तेथे गेल्या महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने ‘गिट कमिट -एन’ ही कमांड चालवली (गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, कमिट म्हणजे अशी नोंद). मेक, निंजा (ही दोन्ही बिल्ड साधने) आणि ‘गिट क्लीन’ (नोंद नसलेल्या फाइली काढणारी कमांड) या तिन्हींत -एन म्हणजे ड्राय रन, अर्थात प्रत्यक्ष काही न करता काय घडणार ते केवळ दाखवणे. म्हणून येथेही तेच होईल असे त्याने गृहीत धरले. ‘गिट कमिट’मध्ये मात्र -एन म्हणजे कमिटपूर्वीच्या तपासण्या वगळणे. कमिट झाले, तपासण्या झाल्याच नाहीत, आणि पुढे ते पुश झाल्यावर, म्हणजे सर्वांच्या सामायिक कोडमध्ये गेल्यावर, मुख्य शाखेचे बिल्ड संध्याकाळपर्यंत मोडलेले राहिले. ही त्या मुलाची चूक आहे असे मी मानत नाही. ग्रेडल या बिल्ड साधनात ड्राय रनसाठी -एम आहे, सर्व्हरची मांडणी करणाऱ्या अ‍ॅन्सिबलमध्ये कॅपिटल -सी, आणि मेकमध्ये तेच कॅपिटल -सी डिरेक्टरी बदलते. निदान या एका पर्यायाचे नाव सर्वत्र एकच असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (इंदूर)
आपली तळमळ समजते, पण मागणी पटत नाही. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले, आणि तेव्हापासूनच्या असंख्य स्क्रिप्ट त्याच्या पर्यायांवर उभ्या आहेत. एका अक्षराचा अर्थ बदलला, तर आज नीट चालणाऱ्या पाइपलाइन कोणतीही सूचना न देता वेगळे काही करू लागतील. उपाय आपल्याच हातात आहे: स्क्रिप्टमध्ये --ड्राय-रन असे पूर्ण नाव लिहावे. ते मेकमध्ये आहे, ग्रेडलमध्ये आहे आणि ‘गिट कमिट’मध्येही आहे.

प्रतिसाद २ (इंदूर)
काका, पूर्ण नावही सगळीकडे मिळत नाही. निंजात ड्राय रनसाठी फक्त -एन आहे, अ‍ॅन्सिबलमध्ये पूर्ण नाव --चेक आहे, आणि क्लाउडवरील यंत्रणा उभारणाऱ्या टेराफॉर्ममध्ये तर त्यासाठी ‘प्लॅन’ ही स्वतंत्र उपकमांडच आहे. शिवाय फेल्डमन यांचेच उदाहरण आपल्या विरुद्ध जाते. मेकफाइलमधील (मेकला सूचना देणाऱ्या फाइलमधील) कमांडच्या ओळी टॅबनेच सुरू करण्याची सक्ती त्रासदायक आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले होते, परंतु तोवर सुमारे डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांचे काम बिघडू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय पाहिल्यामुळे आज आपण सारे टॅब मोजत बसतो!

प्रतिसाद १
तो डझनाचा प्रश्न होता. आज तसा निर्णय घेण्याची वेळ निघून गेली आहे. समांतर कामांची संख्या मेकमध्ये -जे, तर मेव्हन या बिल्ड साधनात कॅपिटल -टी. हेही एक करायचे का?

धागाकर्ता
नाही, कारण तेथे चूक झाली तर बहुधा त्रुटी दिसते किंवा बिल्ड रेंगाळते. ड्राय रनमध्ये चूक झाली तर जे घडू नये म्हणून आपण थांबलो होतो, तेच घडते, आणि म्हणून मी एवढ्याच पर्यायाचा आग्रह धरतो. बदल अशक्यही नाही: कुबेरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या १.१८ आवृत्तीने २०२० साली तिच्या क्यूबसीटीएल या कमांडच्या --ड्राय-रनला ‘क्लायंट’ व ‘सर्व्हर’ अशी मूल्ये दिली आणि जुने रूप लगेच न काढता कालबाह्य घोषित केले. निंजा व अ‍ॅन्सिबल यांनी आपली जुनी अक्षरे तशीच ठेवून --ड्राय-रन हे जोडनाव स्वीकारले, तर एकही जुनी स्क्रिप्ट मोडणार नाही.

प्रतिसाद १
जोडनावाला माझा विरोध नाही. विरोध -एनचा अर्थ बदलण्यास आहे, आणि तो कायम राहील.